रानरेड्याच्या कानातला पक्षी

जीपचं इंजिन बंद झालं आणि पार क्षितिजापर्यंत नुसतं वाळलेलं गवत उरलं. त्यात एकच रानरेडा उभा होता. आमचा वाटाड्या म्हणाला, "म्हातारा झालाय. कळपाच्या चालीनं चालणं जमत नाही, म्हणून मागे राहिला."

एवढ्यात लाल चोचीचा एक पक्षी त्याच्या पाठीवर येऊन बसला. गोचीड टिपत टिपत मानेपर्यंत गेला आणि त्यानं सरळ कानात चोच घातली. तो अजस्र प्राणी मान किंचित कलती करून, डोळे मिटून उभा राहिला.

"दुखत असेल ना त्याला?" मी विचारलं.

"कधी कधी रक्तही काढतो पक्षी. तरी हा हाकलत नाही."

माझा हात हनुवटीवर गेला. बायको गेल्यापासून मी दाढी सलूनमध्येच करतो. घरी चांगलं रेझर पडून आहे. न्हावी हनुवटी धरून मान वळवतो, शेवटी तुरटी फिरवतो, ती झोंबते. मग विचारतो, "काका, डोक्याला मालिश करू का?"

मी घाईत असल्यासारखं घड्याळ बघतो आणि दर वेळी हो म्हणतो.