ताइमीच्या राखेतले खिळे

गुरुवारी दुपारी ताइमी लौकोला ही बाई फुटबॉलच्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारत होती. गोलापासून दोन पावलांवर तिच्या बुटाला काहीतरी टोचलं. वाकून बघते तर बोटभर लांबीचा, काळा पडलेला खिळा. तो तिने बोटांत धरून उलटसुलट फिरवून पाहिला. खिळा वाकलेला होता आणि हातोडीने ठोकून पुन्हा सरळ केलेला. रुकिनलाहती गावात असे खिळे वापरणारा एकच माणूस होऊन गेला, तिचा नवरा कौको. त्या बाबाने जन्मात नवा खिळा विकत घेतला नव्हता.

आणि शनिवारी हंगामातला पहिला सामना होता. बायकांच्या संघाची गोलकीपर इंकेरी नेमकी याच जागी अंग झोकून देणार होती.

हा खिळा इथे कसा आला, हे ताइमीला कुणी सांगायची गरज नव्हती. कौको गेल्यावर त्याची अंगणातली खोप तिला डोळ्यांसमोर नकोशी झाली. नोव्हेंबरात तिने ती पाडली आणि हिवाळाभर फळ्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत घातल्या. दिसले तेवढे खिळे उपटले. न दिसलेले राखेत गेले आणि ती राख मैदानात आली.

राखेशिवाय त्या गावात फुटबॉल नाही. एप्रिलात मैदानावर गुडघाभर बर्फ असतो. त्यावर राख पसरली की ती ऊन धरते आणि बर्फ पंधरा दिवस आधी वितळतो. म्हणून घरोघरी सौनाची राख पत्र्याच्या बादल्यांत साठवायची आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मैदानात आणायची. ही रीत पडली एकोणीसशे एकावन्न साली. तेव्हा गावात क्लब दोन होते, प्लायवूड कारखान्यातल्या कामगारांचा एक आणि कचेरीतल्या साहेबलोकांचा एक; मैदान मात्र एकच. एकोणीसशे अठरा सालच्या देशातल्या यादवीत ज्यांच्या बापांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या, ती ही माणसं. रस्त्यात समोरासमोर आली तरी मान वळवायची. त्या वर्षी मे उजाडला तरी बर्फ हटेना. तेव्हा ताइमीच्या आजीने कामगारांच्या बाजूच्या अर्ध्या मैदानावर राख टाकली. ते बघून कारखान्याच्या मॅनेजरच्या बायकोने आपल्या अर्ध्यावर टाकली. मधल्या पट्ट्याला कुणी हात लावेना. दोन्हीकडे हिरवळ आणि मधोमध बर्फाचा बांध! आठवडाभर दोन्ही क्लब त्याच्याकडे बघत बसले, मग लाजेकाजेस्तव दोन्हीकडून फावडी आली. सात वर्षांनी क्लब एक झाला.

ताइमी त्याच मैदानात वाढली. दिवसा कारखान्यात फळ्या चिकटवायच्या, संध्याकाळी डाव्या बाजूने धावायचं. गुडघा गेला तेव्हा तिने मैदानाची देखभाल अंगावर घेतली, त्याला आता तीस वर्षं झाली. राखेच्या रविवारी ती चाळणी घेऊन फाटकात उभी राहायची. चाळल्याशिवाय कुणाची बादली आत जात नसे. एकदा बाटलीचं झाकण निघालं म्हणून तिने पाद्रीबाबांची बादली परत पाठवली होती. तिची स्वतःची राख मात्र आदल्या संध्याकाळीच पडलेली असे, न चाळता. चाळणीवालीला कोण चाळणार? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, त्यातली गत.

संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर रांगून तिला आणखी सहा खिळे सापडले. गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. गप्प बसणं त्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. पण इंकेरीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी ती क्लबचा अध्यक्ष ऑर्वो हाक्ली याच्या घरी गेली. त्या मॅनेजरच्या बायकोचाच हा नातू. गुरुवारी तिथे घरोघरी वाटाण्याचं सूप असतं, तेच पीत बसला होता.

"ऑर्वो, मैदानात खिळे आहेत."

"कुणाचे?"

"माझे."

ऑर्वोचा चमचा थांबला. "चाळली नव्हतीस?"

"माझी राख मी कधीच चाळत नाही."

"वा गं वा! आणि माझ्या बादलीवर तीस वर्षं डोळे वटारतेस!"

"बोल, काय बोलायचं ते बोलून घे. पण सामना दुसरीकडे हलव. कुणाला लागलं तर मी तोंड कुठे दाखवू?"

"कुठे हलवू? शेजारगावात? त्यांच्या त्या बटाट्याच्या वावरात? मेलो तरी नाही." त्याने दुसरा वाडगा काढला. "सूप घे. उद्या बघू."

शुक्रवारी सकाळी चाळीसएक माणसं आली. गॅरेजवाली सिर्क्का गाड्याला बांधून भलंमोठं लोहचुंबक घेऊन आली. बाकीचे खांद्याला खांदा लावून रांगू लागले. राख कुणाची, असं कुणीही विचारलं नाही. तेच ताइमीला सोसेना. ती गोलापाशी उभी राहून मोठ्याने म्हणाली, "खिळे माझ्या घरचे आहेत. कौकोचे."

मग रांगेतून एक म्हातारा ओरडला, "कौकोचे? मग जपून ठेव बाई, मागायला येईल तो!"

मैदानभर हशा पिकला. दुपारपर्यंत सदतीस खिळे निघाले. त्यानंतर चुंबक दोनदा फिरवलं, हाती काही लागलं नाही.

शनिवारी सामन्याच्या अर्धा तास आधी इंकेरी हातमोजे चढवून गोलात उभी राहिली. खाली गवताकडे बघत तिने हाक मारली, "ताइमी, खरं सांग. मी इथे पडू ना?"

ताइमीने बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी चालू लागली. गवत बर्फासारखं गार. गोलाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत, मग एक पाऊल पुढे येऊन परत, पूर्ण वजन टाकत. ऑर्वो शिव्या घालत खाली बसला आणि आपलेही बूट काढू लागला. "हिच्या नादाने न्यूमोनिया होऊन मरणार मी," म्हणत तो तिच्या शेजारून चालायला लागला. पेनल्टीची सगळी जागा त्यांनी अशी पायाखाली घातली. प्रेक्षकांत कुणी हसलं नाही.

ताइमी बाकावर बसली तेव्हा इंकेरीने गुडघे टेकून तिचे तळवे उलटून पाहिले, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.

"निळे पडलेत. चिखल आहे. रक्त नाही."

"मग जा, पड आता," ताइमी म्हणाली.

विसाव्या मिनिटाला चेंडू डाव्या कोपऱ्यात आला. इंकेरीने अंग झोकून दिलं, हातभर घसरत गेली आणि चेंडू छातीशी धरून उठली. कोपरापासून मांडीपर्यंत नुसता चिखल. तिने बाकाकडे बघून अंगठा वर केला.

ताइमीचा जीव भांड्यात पडला. चारचौघांत, भर दुपारी ती हुंदके देऊन रडली आणि तोंडावर हातही घेतला नाही.

"पाय गोठले का गं?" ऑर्वोने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "मोजे दे इकडे."