डावा कौल

देवीनं ‘नको’ म्हटलं होतं आणि मी घरात येऊन ‘हो म्हणाली’ असं सांगितलं. ही गोष्ट घराबाहेर आजवर कुणाला सांगितलेली नाही. आज लिहून काढते, कारण माझंही वय झालं, आणि माझ्यासारखी एखादी आजी कुठंतरी अशीच देव्हाऱ्यापुढं बसलेली असेल असं वाटतं. माझी शाळा सातवीपर्यंतची, पुढचं सगळं माझं मीच वाचलेलं. तेव्हा लिहिण्यात काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

आमचं कुलदैवत माहूरची आई. लोक म्हणतात, कोल्हापुरात राहता, अंबाबाई हाकेच्या अंतरावर, आणि कुलदैवत एवढं लांब कसं? आता ते आमच्या मूळ पुरुषाला विचारायला पाहिजे, मी काय सांगणार! पण घराण्याची रीत अशी की पोराचं जावळ, म्हणजे पहिले केस, गडावरच काढायचे. माझ्या मालकांचं तिथंच झालं, माझ्या विनूचंही तिथंच. विनूचा मुलगा शंभू सातव्या महिन्यात जन्मला. काचेच्या पेटीत होता बरेच दिवस. माझ्या तळहातावर मावेल एवढा जीव, आणि अंगभर नळ्या. त्या दवाखान्याच्या जिन्यात बसून मी पदर पसरला. म्हटलं, आई, हे लेकरू आमच्या ओटीत घाल, तिसरं वर्ष सरायच्या आत तुझ्या गडावर आणून जावळ काढीन. लेकरू वाचलं. तेव्हापासून ते वर्ष माझ्या डोक्यावर बसलं.

शंभू वाचला, पण छाती नाजूक राहिली. जरा गार वारं लागलं की श्वासाला शिट्टी वाजायची. घरात वाफेचं मशीन आलं, औषधांचा डबा आला. तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीच्या आधी दोनदा त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. आणि ते वर्ष सरत होतं पौषात. पौषात शुभकार्य करत नाहीत, म्हणजे हातात उरला मार्गशीर्ष, ऐन थंडीचा. सहाशे किलोमीटरच्या वर रस्ता, मधे एक मुक्काम, बरोबर शंभू आणि त्याची सहा वर्षांची बहीण गौरी. सुनेनं, स्वातीनं, एकदाच विचारलं, “आई, पाचव्या वर्षी केलं तर चालत नाही का? माझ्या माहेरी शिरोळला पाचव्यातच करतात.” मी म्हटलं, “तुमच्याकडं करत असतील. मी तिसरं बोललेय.” विनू मात्र थेट बोलला, कोल्हापूरचाच तो. “आई, पोरगं खोकतंय, आन् तू गड-गड करतीस. देवीला काय क्यालेंडर लागतंय व्हय?” मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मी हट्टी आहे असं वाटेल तुम्हाला. आहेच. पण खाली दुसरंच होतं. मला भीती वाटत होती. नवस चुकला तर आई दिलेलं परत नेईल, ही भीती. ती मी कुणाला बोलून दाखवली नाही, कारण बोललं की खरं होतं असं मला वाटायचं. शंभू खोकला की बाकीच्यांना थंडी आठवायची, मला नवस आठवायचा. डॉक्टरांकडं गेलो तेव्हा ते म्हणाले, “नेऊ नका असं मी म्हणत नाही, पण माझा मुलगा असता तर मी नेला नसता.” घरी येऊन मी सगळ्यांना पहिलं अर्धंच सांगितलं.

शेवटी ठरलं की कौल लावायचा. आमच्याकडं देवीचा चांदीचा टाक आहे, सासूबाईंच्या वेळचा. तो पाटावर उभा करायचा, दोन्ही खांद्यांना शेवंतीची एकेक पाकळी पाण्यात भिजवून चिकटवायची आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. सकाळी विनू आणि स्वाती पोरांच्या आंघोळीत गुंतले होते, मी एकटी देव्हाऱ्यापुढं. विचारलं, आई, येऊ का? डावी पडली. वाऱ्यानं पडली असेल म्हणून खिडकी लावून घेतली, परत लावल्या. परत डावी. तिसऱ्यांदा मी डावी पाकळी चांगली भिजवली आणि बोटानं दाबून बसवली. उजवी नुसती टेकवली. उजवी पडली. पडणारच की! मी बाहेर आले आणि म्हटलं, “उजवा दिला आईनं.” स्वातीनं शंभूला टॉवेलात गुंडाळलं आणि देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले. ते हात जोडणं मला अजून दिसतं.

मग तयारी सुरू झाली. स्वेटर, कानटोप्या, गोधड्या, थर्मास, दशम्या. वाफेचं मशीन गाडीत चालतंय का ते विनूनं दोनदा तपासलं. स्वाती एका शब्दानं आडवी आली नाही. देवीनं हो म्हटल्यावर ती काय बोलणार? जावळ मामाच्या मांडीवर काढतात, म्हणून तिचा भाऊ शिरोळहून आदल्या दिवशीच येऊन थांबला. पहाटे निघायचं होतं. आणि मला जेवण जाईना. दुपारी गडावरच्या ओटीचं खण-नारळ आणायला म्हणून बाहेर पडले, आणि पाय आपोआप अंबाबाईच्या देवळाकडं वळले. खरं सांगते, दर्शनाला नाही गेले. आत जायचं धाडसच झालं नाही. ओटीची पिशवी मांडीवर घेऊन आवारात एका कडेला बसून राहिले.

तिथं मला ती शिट्टी ऐकू आली. दोन हातांवर एक तरुण बाई बसली होती, मांडीवर दीड-दोन वर्षांची मुलगी. गर्दीत इतके आवाज, पण तो श्वास मला पाठ होता. मुलीच्या बरगड्यांखाली खड्डे पडत होते. मी विचारलं, “किती वेळ झाला असं?” ती रडवेली होऊन म्हणाली, “सकाळपासून हाय वं मावशी. घरचे दर्शनाच्या रांगेत गेले. मले इथलं काही ठाव नाही.” मी पुढं काही विचारलं नाही. रांगेतल्या तिच्या माणसांसाठी शेजारच्या फुलवालीजवळ आमच्या घरचा पत्ता देऊन ठेवला आणि तिला रिक्षात घालून थेट आमच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिथंच वाफ दिली, औषध दिलं. पाऊण तासानं मुलीचा श्वास खाली बसला. डॉक्टर म्हणाले, “दोन दिवस हिला हलवायचं नाही.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “तुमचं काय ठरलं?” मी तिची पिशवी उचलली आणि बाहेर आले.

घरी आणलं त्यांना. स्वातीनं न सांगता बाहेरच्या खोलीत गादी घातली, गरम पाणी आणलं. बाईचं नाव कांता. पोरगी झोपल्यावर ती चहा घेत भिंतीला टेकली, तेव्हा मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, “पावणं, गाव कुठलं तुमचं?” ती म्हणाली, “माहूर. गडाच्या पायथ्याशीच घर आमचं.” माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. स्वाती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती, ती तिथंच राहिली.

मी म्हटलं, “अगं, आई तुझ्या दारात, मग एवढ्या थंडीत इकडं कशाला?” कांता म्हणाली, “सासूबाईचा नवस होता ना. पोरगी जगली तर कोल्हापूरच्या आईच्या पायावर नेऊन घालीन म्हने, याच साली. दोन दिवस जीपमधी, समोरून वारं. सोलापुरापासूनच हिची छाती वाजू लागली.” मग मुलीच्या कपाळावरचे केस सारत, कुणाला दोष न देता, ती हळूच म्हणाली, “नवस त्याहीचा, मावशी. लेकरू माझं. मी काय बोलू?”

मी मान वर केली. दारातून स्वाती माझ्याकडंच बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती दमलेली होती.

थोड्या वेळानं कांताची माणसं शोधत आली. तिची सासू माझ्याच वयाची, ओटी अजून हातात तशीच. नात झोपलेली बघून ती गादीच्या कडेला मटकन बसली आणि पदरात तोंड घालून म्हणाली, “मले वाटलं, नाही आणलं तर आई नेते का काय हिला.” माझं वाक्य होतं ते, अक्षर न् अक्षर. जे मी तीन वर्षं कुणाला बोलले नव्हते, ते ही परकी बाई माझ्या घरात बसून बोलली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बोलली ती कांताच, सासूला. “काय वं मामी, आई का गड सोडून पळून चालली? आमच्याकडं धुकं पडते तं आम्हीच लेकरं वर नेत नाही. खालूनच हात जोडतो. आईला का समजत नाही?”

गडाखालची माणसंही थंडीत लेकरं वर नेत नाहीत. मी मात्र सहाशे किलोमीटरवरून न्यायला निघाले होते.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. स्वाती पिठलं हाटत होती. मी तिच्या मागं उभी राहून म्हटलं, “स्वाती, कौल डावा होता. दोन वेळा. तिसरी पाकळी मी दाबून बसवली.” तिचा हात थांबला. मला वाटलं, आता ही ओरडेल, आणि ओरडावंच. पिठलं रटरटायला लागलं, तिनं गॅस बारीक केला. माझ्याकडं न बघता म्हणाली, “मग बॅगा सोडू?”

मी म्हटलं, “सोड.”

तेवढंच बोलणं झालं. पण तिनं बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला आणि मी जमिनीवर बसून रडले, लहान पोरीसारखी. विनू आला, त्याला काही कळेना. स्वातीच म्हणाली, “काही नाही, आईंनी जायचं रद्द केलं.” कौलाचं त्याला तिनं त्या दिवशी सांगितलं नाही. मीच सांगितलं चार दिवसांनी. तो म्हणाला, “आई, मला तुझा राग न्हाय. पण पोराच्या बाबतीत इथनं पुढं अर्धं सांगायचं न्हाय.” बरोबरच बोलला.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर अंगणात, टाक पाटावर ठेवून, मामाच्या मांडीवर शंभूचं जावळ काढलं. मामा तर आलाच होता की! शंभूनं सगळी गल्ली डोक्यावर घेतली, गौरी म्हणाली, “आज्जी, ह्याचं डोकं नारळासारखं दिसतंय,” आणि कांताची पोरगी गादीवरून उठून पहिल्यांदा हसली. कांतानं एक बट मागून घेतली, माझ्या ओटीच्या खणात बांधली. म्हणाली, “मी नेते. आईच्या पायाशी ठेवते. तिले सांगते, लेकरू थंडी सरली की येते.” मुलीचा श्वास नीट झाल्यावर जीप रिकामी पुढं गेली आणि ती माणसं रेल्वेनं परतली. आठवड्यानं तिचा फोन आला. “मावशी, वटी पोचली बरं आईला.”

ती बाई त्याच दुपारी, त्याच कोपऱ्यात का बसली होती, ते मी कुणाला पटवायला जात नाही. माझ्यापुरतं मी एवढंच धरलंय. मी पाकळी दाबून बसवली तरी आईनं आपलं ‘नको’ सोडलं नाही; मला ऐकू येईल अशा तोंडून परत पाठवलं. आणि त्या ‘नको’त रागाचा लवलेश नव्हता. माहेरची आई कळवते ना, पोरगं आजारी आहे, सावकाश ये, तसं होतं ते. मी तिला तीन वर्षं सावकारासारखं समजत होते, दिलेलं मागायला दारात उभ्या राहणाऱ्या. तिची त्याबद्दल मी रोज माफी मागते.

थंडी सरल्यावर फाल्गुनात, शंभू ठणठणीत असताना, आम्ही गडावर जाऊन आलो. जाताना आधी डॉक्टरांना विचारलं, मग स्वातीला, आणि मग कौल लावला. आता मी कौल लावते तेव्हा दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवते आणि हात पाठीमागं घेऊन बसते. स्वाती हसते. “आई, देवीपुढं कुणी हात मागं बांधून बसतं का?” मी म्हणते, “असू दे बाई. तिला दिसू दे, माझा हात ह्यात नाही.”