सेलूचा उलटा हात

सेलूत स्टेशनच्या रस्त्याला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. उमाजी हे माझं कायमचं गिऱ्हाईक. माणूस धनगराचा. घरी त्याची बायको कासाबाई शेळ्या-मेंढ्या सांभाळायची आणि हा सायकलच्या कॅरिअरला घोंगड्या आडव्या बांधून गावोगाव विकत हिंडायचा. आडव्या म्हणजे अशा, की मागून बघणाराला सायकल दिसायचीच नाही. घोंगड्यांचा एक ढीग आपल्या मनानं मानवतच्या बाजाराला निघालाय, असं वाटायचं.

चौऱ्याऐंशी साली दिवाळी झाली आणि कापसाच्या गाड्या सुरू झाल्या. मार्केट यार्डापासून स्टेशनापर्यंत बैलगाड्यांची रांग लागायची. त्याच रस्त्यावर एसटी, त्याच रस्त्यावर ट्रक, सायकली, डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया आणि शाळा सुटली की पोरं. रस्त्याला कड अशी नव्हतीच. मधी डांबर, दोहीकडं फुफाटा आणि माणसं सगळीकडं.

अशात एके दिवशी चारठाण्याच्या आश्रुबाची गाडी उमाजीच्या पुढं चालली होती. आश्रुबानं मागं न बघता गाडी एकदम जिनिंगच्या कारखान्याकडं वळवली. उमाजी सायकलसकट चाकाखाली जायचा वाचला, पण पाय मोडला. लोकांनी आश्रुबाला धरलं तर तो म्हणाला, "म्या वळायलोय हे मपल्या बैलाला ठाऊक होतं. ह्याला कुणी सांगायचं?"

त्यात त्याचंही चुकत नव्हतं.

दवाखान्यात उमाजीचा पाय वर टांगून ठेवला. मान फिरवता येईना. समोरच्या भिंतीवर दोनच चित्रं होती. एक कुटुंब नियोजनाचं. ते उमाजीच्या काही कामाचं नव्हतं, कारण त्याला तोवर पाच लेकरं झाली होती. दुसरं रहदारीच्या नियमांचं. त्यात इस्त्रीचे कपडे घातलेला एक गोरापान माणूस सायकलवर बसून उजवा हात लांब करत होता, म्हणजे तो उजवीकडं वळणार होता. उमाजीनं महिनाभर त्या माणसाकडं बघितलं. घरी आला तेव्हा त्याचा पाय जरा आखूड झाला होता आणि डोक्यात तो माणूस पक्का बसला होता.

"आजपून हात दाखवल्याबिगर वळायचं न्हाई," त्यानं मला दुकानात येऊन सांगितलं.

पहिल्या दिवशी चौकात त्यानं उजवा हात लांब केला. तिथं सुलाबाई पेरू विकत बसायची. तिला वाटलं, दवाखान्यातून आलेला माणूस आहे, त्याला काही खावंसं वाटत असेल. तिनं त्याच्या तळहातावर पेरू ठेवला. आता हातात पेरू, मागं घोंगड्या आणि समोरून टांगा. उमाजी पडला. पेरू मात्र त्यानं सोडला नाही.

चौकाच्या पुढं डाव्या अंगाला बन्सीधर शेटजींचं कापडाचं दुकान होतं. उमाजी रोज तिथल्या गल्लीत शिरताना डावा हात काढायचा. शेटजींना वाटलं, हा आपल्याला सलाम करतो. तेही गादीवरून नमस्कार करू लागले. एके दिवशी उमाजी न वळता सरळ गेला तर शेटजी दिवसभर विचारत राहिले, "आपलं काही चुकलं का?"

त्यातच लोकसभेची निवडणूक आली. भर बाजारात हाताचा पंजा दाखवत हिंडणारा माणूस बघून एका पक्षाचे लोक त्याला चहा पाजू लागले आणि दुसऱ्या पक्षाचे लोक त्याच्याकडून घोंगडी घेईनात. उमाजीनं दोघांनाही भिंतीवरच्या माणसाची गोष्ट सांगितली. दोघांनाही ती खोटी वाटली.

पण गडी हटला नाही. कापसाच्या रांगेत गाडीवान थंडीनं कुडकुडत बसलेले असायचे. उमाजी त्यांना घोंगड्या विकायचा आणि सोबत रहदारीचे नियम फुकट द्यायचा. आश्रुबाला पायाचं वाईट वाटत होतंच. तो म्हणाला, "हात तर कासऱ्यात गुतलेला ऱ्हातो. चाबूक दाखवला तर चालंल का?"

"चालंल की. जिकडं वळायचं तिकडं चाबूक काढायचा."

लगेच करून बघायचं ठरलं. रांगेतले सगळे उठून उभे राहिले. मीही हातातला पाना ठेवून बाहेर आलो. आश्रुबानं गाडी हाकली आणि चौकात येताच ऐटीत चाबूक उजवीकडं काढला. उजव्या बैलाला डोळ्याच्या कोपऱ्यात चाबूक दिसला. आता पाठीत बसणार म्हणून त्यानं अशी उसळी घेतली, की गाडी गर्रकन डावीकडं वळली आणि शेटजींच्या पायरीला जाऊन टेकली. शेटजी नुकतेच नमस्काराला हात जोडून उठले होते. ते तसेच गादीवर बसले.

आश्रुबा खाली उतरून बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "बैल बरूबर हाय. ज्या अंगाला चाबूक, तो बैल जोरात, अन् गाडी दुसऱ्या अंगाला. हे तर आज्जापासून चालत आलंय."

उमाजीनं लय विचार केला. बैलांना नवा नियम शिकवणं होणार नव्हतं. मग माणसांनीच शिकावा, असं ठरलं. चाबूक उजवीकडं दिसला की गाडी डावीकडं जाणार, चाबूक डावीकडं दिसला की उजवीकडं. गाडीवानांना ते पटकन जमलं, कारण त्यांना नवीन काही करायचंच नव्हतं. पण मग सायकलवाल्यांचं काय? एका रस्त्यावर दोन नियम म्हणजे पुन्हा कुणाचा तरी पाय मोडणार. म्हणून उमाजीनं छातीवर दगड ठेवून भिंतीवरच्या माणसाला सोडलं आणि स्वतःही उलटा हात दाखवू लागला.

गंमत म्हणजे ते चाललं. संक्रांतीपर्यंत सगळ्या सेलूला सवय लागली. शाळेतली पोरंसुद्धा उलटा हात काढून सुलटी वळायची.

मग उमाजी परभणीला गेला. एसटीच्या टपावर सायकल आणि घोंगड्या टाकून गेला, स्टँडवर उतरवून घेतल्या आणि निघाला. मोठ्या चौकात नागनाथ नावाचे हवालदार छत्रीखाली उभे होते. उमाजीनं डावा हात लांब केला आणि उजवीकडं वळला. मागून येणारी जीप करकचून थांबली. हवालदारांनी शिट्टी मारली.

"हात तिकडं अन् तू इकडं?"

"आमच्या सेलूत असंच हाय साहेब."

"सेलू काय दुसऱ्या मुलखात हाय का?"

"न्हाई साहेब. बैलामुळं हाय."

हवालदारांनी आयुष्यात बऱ्याच सबबी ऐकल्या होत्या, ही ऐकली नव्हती. त्यांनी सगळं सांगायला लावलं. उमाजीनं भर चौकात दोन घोंगड्यांचे दोन बैल करून आणि सायकलचा पंप चाबकासारखा धरून त्यांना समजावलं. हवालदार शेतकऱ्याच्या घरचे होते. ऐकता ऐकता ते मान डोलवू लागले. "खरंय. उजवा दाबला की गाडी डावीकडं जाती," असं म्हणत त्यांनी नादात उजवा हात उचलला आणि त्या हातासरशी चारी बाजूंची वाहनं चौकात घुसली. ती सोडवायला बराच वेळ गेला. मग हवालदार घाम पुसत म्हणाले, "तू जा बाबा. पण एक सांग. परक्या गावचा ट्रक सेलूत आला, तर त्याला तुमचा बैल कोण समजावून सांगणार?"

ह्या प्रश्नानं उमाजीची भूक गेली. घरी आल्यावर त्यानं सायकलवरच्या घोंगड्यासुद्धा सोडल्या नाहीत. कासाबाईनं भाकर पुढं केली आणि काय झालं ते काढून घेतलं.

ती म्हणाली, "अवो, मी शेरडं अन् मेंढरं संगं नेती. कोकरं मधी सोडती का? कोकरं कडंनं, मेंढरं त्यांच्या बाजूनं अन् उंडारणारी शेरडं पार भाईर. कुणी कुणाला हात दाखवत न्हाई. तुमी समदे एकाच वाटंत घुसायलाव अन् मंग हात दाखवायलाव."

"माणसं काय मेंढरं हायती का?"

"मेंढरं असती तर हाताची गरजच पडली नसती."

उमाजीला राग आला, पण दुसऱ्या दिवशी त्यानं तेच शब्द आमचे नगरसेवक आबासाहेब यांच्यापुढं स्वतःचे म्हणून सांगितले. आबासाहेब तयार झाले, कारण ट्रकवाल्यांची तक्रार त्यांच्या कानावर आली होती. बाजाराच्या आदल्या दिवशी आम्ही रस्त्याला चुन्यानं रंगवलेले दगड मांडले. दुकानांच्या कडेनं पायी माणसं, मग सायकली, मधी डांबरावर एसटी आणि ट्रक, आणि पलीकडच्या अंगाला मातीची रुंद पट्टी, ती बैलगाड्यांची.

सगळ्यात मोठा विरोध शेटजींचा. दगडांमुळं गाडीतून येणारं गिऱ्हाईक दुकानापाशी उतरणार नव्हतं. ते म्हणाले, "माझ्या पायरीशी गाडी लागली नाही तर धंदा कसा व्हायचा?"

आश्रुबा म्हणाला, "शेटजी, एकदा लागली होती की."

शेटजींनी पायरीकडं बघितलं आणि गादी जरा आत सरकवून घेतली.

पहिल्या बाजाराला गोंधळच झाला. पायवाटेवर सुलाबाईनं पेरू मांडले, तिच्या शेजारी बांगडीवाली बसली, म्हणून माणसं सायकलींच्या वाटेत आली आणि सायकली डांबरावर. मग कासाबाईच पुढं झाली. मेंढरं हाकायची काठी घेऊन ती दिवसभर उभी राहिली आणि एकेकाला आपापल्या पट्टीत घालत राहिली. सुलाबाईला तिनं टोपलीसकट दोन दुकानांच्या मधल्या बोळात नेऊन बसवलं. तिथं सावली होती, त्यामुळं ती परत हलली नाही. दोन-तीन बाजार असे गेल्यावर लोक शिकले. गाडीवानांना मातीची वाट बैलांमुळं आवडली, डांबरावर त्यांचे खूर घसरायचे. त्या हंगामात नंतर कुणी चाकाखाली आलं नाही.

सत्त्याऐंशीला रस्ता नव्यानं झाला तेव्हा बांधकाम खात्याच्या बाहेरगावच्या साहेबांनी ती मातीची पट्टी तशीच ठेवली आणि दुकानांच्या कडेला फरशीची उंच पायवाट बांधली. उद्घाटनाला मांडव घातला होता. आबासाहेबांनी भाषणात सगळं श्रेय आधी स्वतः घेतलं आणि मग उरलेलं उमाजीला दिलं. त्याला सत्काराला बोलावलं. उमाजी रांगेतून उठला आणि सवयीनं त्यानं उजवा हात लांब केला. डाव्या बाजूला बसलेल्या सगळ्या सेलूकरांनी झटकन पाय आवरून घेतले. रस्त्याचे साहेब परगावचे, ते तसेच ऐसपैस बसून राहिले आणि उमाजीचा पाय त्यांच्या नव्या बुटावर पडला.

नारळ घेऊन खाली आल्यावर उमाजीनं तो कासाबाईच्या हातात दिला. "तुलाच द्यायला पायजे व्हता," एवढंच म्हणाला.

कासाबाईनं नारळ पदरात घातला. "घरी चला आता. मेंढरं भुकी हायती."

दोघं नव्या फरशीकडं निघाली. उमाजीचा पाय आखूड असल्यानं त्याला ती पायवाट चढायला जरा उंच पडत होती. ते बघून कासाबाई मधेच थांबली, मागं वळली आणि मांडवात परत जाऊन साहेबांना म्हणाली, "साहेब, लय चांगलं केलंत. पण कडंला एक उतार करा. समद्यांचे पाय सारखे नसतेत."

साहेब आपला बूट चोळत होते. त्यांनी मान हलवली, आणि पुढच्या आठवड्यात गवंडी येऊन उतार करून गेला.