टेनिसपटूसाठी पाच मिनिटे

नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात बाबांच्या भाषणाला वीस मिनिटे दिली होती. विषय होता शंभर वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन टेनिसपटू. भाषण रविवारी होते. त्यानंतरच्या गुरुवारी बाबांचे स्वरयंत्र काढायचे होते. हे मंडळात कोणाला सांगायचे नाही, अशी त्यांची अट होती.

"सांगितलंस तर टाळ्या आजाराला मिळतील," ते म्हणाले.

बाबा याच शहरातल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. हा टेनिसपटू त्यांना तरुणपणी एका जुन्या पुस्तकात भेटला आणि तेव्हापासून दूरच्या नातेवाइकासारखा आमच्याकडे राहिला. आईने त्याची कधी चौकशी केली नाही, पण त्याचा कोणता कोपर दुखायचा हे तिलाही माहीत होते.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होते, म्हणून भाषण वेळेत बसवण्याचे काम माझ्याकडे आले. मजकूर सरळ होता. सुताराचा मुलगा. कॅलिफोर्नियातल्या सिमेंटच्या कोर्टवर शिकला. बोटीने इंग्लंडला आला, गवतावर पहिल्यांदाच उतरला, घसरला आणि पहिल्या फेरीत हरला. पुन्हा आला आणि अंतिम फेरीत हरला. मायदेशी मात्र बरेच जिंकला. मग उजवा कोपर गेला. तेव्हा त्याने डाव्या हाताने पहिल्यापासून शिकायला घेतले आणि लहान गावांतल्या स्पर्धांत अनोळखी पोरांकडून हरत राहिला. हा भाग शेवटच्या पानावर होता.

रविवारी मुलांचे नाच लांबले. मंडळाची सेक्रेटरी, एक तरुण डॉक्टर, आमच्या खुर्च्यांपाशी आली.

"काका, व्हेरी सॉरी. पाचच मिनिटं देऊ शकते. तीनला हॉल सोडायचाय आणि पुऱ्या आल्यात."

"पुऱ्यांना किती मिनिटं दिलीत?" बाबांचा आवाज तेव्हाही घोगरा होता.

"त्यांच्याशी कॉम्पिटिशन नको काका. हराल."

ती गेल्यावर मी बाबांना सांगितले, शेवटून कापा. बातमी तशीच कापतात. महत्त्वाचे वर असते. "डावा हात काढा. जिंकलेल्या मॅचेस ठेवा."

"तुमच्या पेपरात माणूस पहिल्या ओळीतच मरतो," बाबा म्हणाले. "माझा शेवटच्या पानावर अजून खेळतोय."

ते स्टेजवर गेले, वरची पाने खाली सरकवली आणि शेवटचे पान वाचू लागले. डाव्या हाताची सर्व्हिस कुंपणाबाहेर जायची. चेंडू शेजाऱ्यांच्या बागेत पडायचा. टेनिसपटू स्वतः जाऊन त्यांचे दार वाजवायचा आणि चेंडू मागायचा. तिथल्या कुत्र्यांना तो ओळखीचा झाला होता. सेक्रेटरी उठून उभी राहिली तसे बाबा थांबले.

"वेळ संपली. प्रश्न असतील तर विचारा."

प्रश्नांना किती वेळ द्यायचा, हे मंडळाने ठरवलेले नव्हते.

लंडनच्या हाउन्सलोहून लेकीकडे आलेल्या एक आजी पुढच्या रांगेत होत्या. "अहो डॉक्टर, पण उजव्या हाताला झालं तरी काय?"

बाबांनी कोपर सांगितला.

"म्हणजे आधी बरा खेळायचा?"

बाबांनी मायदेशातले विजय सांगितले. त्यानंतर लंडनची अंतिम फेरी. मग गवतावरचे घसरणे. मागून इथेच वाढलेल्या एका मुलीने विचारले, "पण तो शूज चेंज का नाही केला?" त्याचे उत्तर सिमेंटच्या कोर्टपर्यंत गेले. कारकीर्द उलटी चालली होती, पण काही गळत नव्हते. बाबा सुताराच्या घरी पोचले तेव्हा आवाजाची नुसती हवा उरली होती. सेक्रेटरीने घड्याळाकडे पाहिले आणि माइक त्यांच्या तोंडाजवळ धरला.

"शेवटचा प्रश्न," ती म्हणाली. "प्लीज."

आजींचाच होता. "डाव्या हातानं कधी जिंकला का हो?"

बाबांनी तोंड उघडले. माइकमधून काही आले नाही. त्यांनी डाव्या हाताचे एक बोट वर केले.

टाळ्या बराच वेळ चालल्या. टेनिसपटूला मिळाल्या.

पुऱ्या गार झाल्या होत्या. जेवताना आजींनी मला विचारले, डॉक्टरांना सर्दी झालीय का.

मी हो म्हणाले.