भट्टी चालू होती

"बाई, चला… सर नाई राह्यले," कॉलेजचा शिपाई प्रयोगशाळेच्या दारातून म्हणाला, तेव्हा मी भट्टीसमोर स्टुलावर बसले होते. भट्टीचा लाल दिवा चालू होता. या गोष्टीला आता दीड महिना होत आला.

विनायक, माझा नवरा, चंद्रपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि उरल्या वेळात पीएच.डी. करायचा. बेरियम टायटनेट नावाच्या पांढऱ्या भुकटीच्या गोळ्या दाबून तो भट्टीत भाजायचा. विजेचा भार धरून ठेवणारी ती चिनी मातीसारखी वस्तू; किती धरेल, ते आतल्या दाण्यावर ठरतं. भुकटी खलता खलता तो मला सांगायचा, "दाणा फुगला त गेलं, फारच बारीक राह्यला तरी गेलं. मधला पाह्यजे." तो दाणा नागपूरच्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसायचा. गोळ्या घेऊन हा एसटीनं जायचा, आणि परतल्यावर चपला कशा काढतो यावरूनच मला कळायचं… पुन्हा फुगला.

कारण भारनियमन. साऱ्या महाराष्ट्राला वीज पुरवणाऱ्या केंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात, आणि आमच्याच भट्टीची लाइट ऐन तापात जायची. गोळ्या कच्च्या राहायच्या. जीव तुटायचा म्हणून हा त्याच पुन्हा भाजायचा, आणि दाणे फुगायचे. त्या लाइटीला मी किती शिव्या घातल्या असतील, देव जाणे. पुढे त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. तरी शेवटच्या गोळ्या त्यानं भट्टीत स्वतःच्या हातानं मांडल्या, आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात खाटेवर पडला.

"तू भट्टी लाव अन् तिथीच थांब," तो म्हणाला. "लाइट गेली त बटण बंद कर अन् सरळ माह्याजवळ ये. परत भाजू नको."

"मी नाई जात तुम्हाले सोडून."

"जा न… एवढी एक होऊ दे."

मी गेले. आणि त्या दिवशी लाइट गेलीच नाही.

नागपूरहून फोटो आला आहे. दाणा मधला, त्याला हवा होता तसाच. विनायकचं काम झालं, असं सगळे म्हणतात, आणि मला ते ऐकवत नाही. एक गोळी त्याच्या चष्म्याच्या डबीत ठेवली आहे. भारनियमन तर अजून रोजचंच. लाइट गेली की शेजारच्या बाया कुरकुरत ओट्यावर येतात. मी मात्र चटकन उठते, चपला घालते, दाराला कुलूप लावायला घेते… त्यानं सांगितलं होतं ना, लाइट गेली की सरळ माझ्याजवळ ये.