मेव्हण्याच्या कार्डावर

कोविडमध्ये भोसरीच्या स्मशानात ठेक्यावर प्रेतं उचलणारा एक माणूस त्याच आजाराने गेला. मूळचा परभणीकडचा. अशा ड्युटीत गेलेल्यांच्या घरच्यांना मदत देऊ, अशी घोषणा विधानसभेत झाली होती. बाकं वाजली. बाकं वाजवायला काय लागतं? त्याच्या बायकोचा अर्ज तीनदा परत आला. शेरा एकच : हजेरीपटावर नाव नाही.

नव्हतंच. आमच्याकडे ठेक्याचं काम असंच चालतं. हजेरीचं कार्ड एकाचं, राबणारा दुसरा. त्याच्या मेव्हण्याला चाकणच्या कंपनीत काम लागलं, तेव्हा जाताना तो आपलं कार्ड दाजींना देऊन गेला. सगळ्यांना माहीत. मुकादम हाकसुद्धा मेव्हण्याच्याच नावाने मारायचा. तरी हाच मुकादम लेखी द्यायला तयार झाला होता, की हा माणूस रोज कामावर होता.

मी तेव्हा कामगार संघटनेत नवी होते. खरं मोठ्या टायपात छापलं की सरकार हलतं, अशी माझी समजूत. पत्रकात ठोकून दिलं : ‘दुसऱ्याच्या कार्डावर राबला, दुसऱ्याच्या नावावर मेला!’ संत तुकाराम नगरच्या ऑफिसात एका कार्यकर्त्याने टेबलावर थाप मारली, “कडक! आता पेटतंय बघ.”

वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, मी ते वाचून दाखवलं.

“ताई, कार्डाचं कशाला टाकलं?”

“खरं आहे ना, वहिनी?”

“खरं हाय. म्हणून तर म्हणते.”

पण पत्रक वाटून झालं होतं. मुकादमाने माझे फोन घेणं बंद केलं. स्मशानाच्या गेटवर गाठला तर म्हणाला, “बाई, त्याचे पैसे सोडवता सोडवता मला आत घालता काय?”

पुढे एका आमदाराने प्रश्न लावला. लेखी उत्तर आलं : सदर व्यक्ती कामावर असल्याचा पुरावा नाही. संघटनेच्याच पत्रकानुसार कार्ड अन्य व्यक्तीचे असून ती हयात आहे. सबब मदतीचा प्रश्न उद्भवत नाही.

पुरावा मीच पुरवला होता. टायपही चांगला मोठा.

उत्तर घेऊन वहिनींच्या खोलीवर गेले. त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हंजे हे कामावर नव्हते?”

“सरकारच्या लेखी नव्हते.”

“मग कुठं होते म्हणे?”

मी नेहमीचं सुरू केलं. विधानसभेच्या समितीकडे अर्ज करू, मेव्हण्याचा जबाब जोडू, त्यानेच सांगावं की कार्ड मी दिलं होतं.

“नका,” त्या म्हणाल्या. “त्याच्या कंपनीत कळलं तर त्यालाबी काढतील. नवरा तर गेला. भावाची नोकरी तरी ऱ्हाऊ द्या, ताई.”

चहा झाला होता, तो त्यांनी दिला. मी प्यायले. अर्ज लिहिला नाही. त्याची मुदत आता कधीच उलटून गेली.