चोवीस गड्ड्यांची वेणी

दुसऱ्याने जपायला दिलेली लसूण फ्रीजमध्ये ठेवू नये, हे मला कुठल्याच शाळेत शिकवलं नव्हतं. फ्रीज कशासाठी असतो? वस्तू टिकण्यासाठी. एवढ्या भक्कम आधारावर मी तात्यांची लसणीची वेणी, चांगले चोवीस गड्डे मोजून दिलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, तोंडाला गाठ मारली, आत हवा जाऊ नये म्हणून गाठीवर रबर चढवलं आणि भाजीच्या खणात अगदी तळाशी ठेवून दिली. नीताला, म्हणजे माझ्या बायकोला, बजावलं, "याला हात लावायचा नाही. तात्यांची आहे." तिने नाही लावला. मीही नाही लावला. तीन आठवडे.

तात्या म्हणजे आमच्या दहिसरच्या सोसायटीतले चौथ्या मजल्यावरचे तात्या. सहा फूट उंच, दार अडवून उभे राहिले तर मागचं घर दिसणार नाही असा देह, आणि बोटं पिकल्या वेलची केळ्यांसारखी. हा माणूस दर उन्हाळ्यात गच्चीच्या सावलीत मांडी घालून लसणीच्या वेण्या घालत बसायचा. वाळलेली पात तीन पदरात घ्यायची, प्रत्येक पेडात एकेक गड्डा गुंफत जायचं, शेवटी सुतळीचा फास. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू यायचं. सोसायटीत त्यांना वेणीतात्या म्हणायचे, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

"हसा," ते म्हणायचे. "सुलूला विचारा, शाळेत तिच्यासारखी वेणी कुणाची होती काय."

सुलू ही त्यांची एकुलती एक मुलगी, आता नाशिकला असते. ती लहान असताना काकू पहाटेच कामावर निघायच्या, आणि तात्या गिरणीतून पाळी संपवून घरी यायचे. गिरणीत त्यांचं काम तुटलेला धागा जोडायचं. घरी येऊन चहाच्या आधी पोरीची वेणी. गिरणी बंद पडली, सुलूने केस कापले, काकू गेल्या. हातांना सवय होती, ती लसणीवर उतरली असं मला आपलं वाटतं. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, "तुला फार वाटतं रे."

लसूण ते गच्चीवर लावायचे, थर्माकोलच्या खोक्यांत. बाजारातली मासळीवाली मावशी त्यांच्यासाठी रिकामे खोके बाजूला काढून ठेवायची. दिवाळी झाली की लावणी. मग आमच्याकडे जी काय दहा-बारा दिवसांची थंडी पडते, जिच्यासाठी आम्ही वर्षभर स्वेटर सांभाळतो, ती त्या लसणीला पुरायची. मार्चमध्ये पात पिवळी पडून माना टाकू लागली की उपटायची, पण धुवायची नाही. माती झटकून सावलीत पसरायची. एकदा मी मदत करायला म्हणून गड्डे बादलीत बुचकळून स्वच्छ करून आणले होते. तात्यांनी ते सगळे त्याच दिवशी चटणीला दिले आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. यावरून मी काही शिकायला हवं होतं.

"लसणीला वारा लागतो," ते सांगायचे. "पाणी नको, ऊन नको, कोंडमारा नको. वारा दे, मग बघ."

वेणी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत लोंबायची. खरी परीक्षा थंडीत नव्हतीच, ती असायची पुढच्या पावसाळ्यात. आपल्याकडे जुलैत कपाटातले बूटसुद्धा हिरवे होतात. तिथे लसूण दिवाळीपर्यंत कोरडी ठेवायची म्हणजे रोजची राखण. दर रविवारी सकाळी तात्या स्टुलावर चढून वेणी उतरवायचे, मांडीवर घ्यायचे आणि एकेका गड्ड्यावरून अंगठा फिरवायचे. दाबायचे नाहीत, नुसता टेकवायचे. जो आतून पोकळ झाला असेल तो कात्रीने कापून बाजूला. मला सगळे सारखेच दिसायचे. "डोळ्यांनी बघू नको," ते म्हणायचे, "डोळ्यांना साल दिसते."

एवढं जपायचं कारण होतं. ही लसूण त्यांच्या आईची. देवगडकडच्या त्यांच्या गावाहून मूठभर पाकळ्या रुमालात बांधून त्यांनी मुंबईत आणल्या होत्या. बारीक, तांबूस सालीची, चवीला अशी जहाल की फोडणीत एक पाकळी पडली तर वरच्या मजल्यावर शिंक यायची. गावी पुतण्यांनी ती लावणं कधीच सोडलं होतं; तेही आता बाजारातूनच आणायचे. तात्यांनी फोन करून करून विचारलं होतं. कुणाकडेच नव्हती. त्यामुळे नियम पक्का: सगळ्यात चांगले गड्डे बियाण्याला, किडकेमिडके स्वतःला. ज्याने ती पिकवली, त्याने तिचा मोठा गड्डा कधी खाल्लाच नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीनंतर सुलूने त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला नेलं. एक डोळा, मग दुसरा, मग विश्रांती. भाऊबीज होईपर्यंत परत येणार नव्हते. बंद घरात वेणी ठेवली तर कोंदटून जाईल आणि बसमध्ये नेली तर चेंगरेल. तेव्हा ती घेऊन ते आमच्या दुसऱ्या मजल्यावर उतरले. त्या वर्षी पाऊस फार झाल्याने दोन वेण्यांतली एकच उरली होती.

"चोवीस आहेत," माझ्या हातात देताना म्हणाले. "खिडकीत टांग. रविवारी अंगठा फिरव. दुसरं काहीएक करू नको. तुला डोकं चालवायची सवय आहे, म्हणून सांगतो."

दोन रविवार मी अंगठा फिरवला. मग ऑक्टोबरमध्ये पाऊस परत आला, खिडकीतून झड आली, वेणीवर चार थेंब पडले आणि मी डोकं चालवलं.

तात्यांचा दर रविवारी सकाळी नऊला फोन यायचा. प्रकृतीचं काही नाही, थेट प्रश्न: "अंगठा फिरवलास?"

"फिरवला, तात्या."

"किती?"

"चोवीस."

"शाब्बास."

हे मी खोटं बोलत होतो असं मला तेव्हा वाटत नव्हतं. चोवीसच तर ठेवले होते, फ्रीजमधून कुठे जाणार?

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी नीता फ्रीज पुसायला बसली आणि तिने मला नुसती हाक मारली, "अरे, इकडे ये." पिशवीच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते. गाठ सोडली आणि वास आला. आठ गड्डे निळ्या-हिरव्या बुरशीने भरलेले, बोट लावलं की आत जाणारे. दहा गड्ड्यांना कोंब फुटलेले, खाली पांढरी मुळं. धड उरलेले सहा.

"वाट लागली," मी म्हणालो.

"तात्यांना आत्ताच फोन कर," नीता म्हणाली.

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय गं त्यांचं. रडायला बंदी असते."

"तात्या रडणार नाहीत. तू टाळतोयस."

मी टाळतच होतो. कुजलेले आठ आणि कोंबाळलेले दहा मी ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले, हात तीनदा धुतले आणि बाजारात गेलो. बाजारात गावठी लसणीच्या पातीसकट जुड्या मिळतात. त्यातले बारीक आणि त्यातल्या त्यात तांबूस असे अठरा गड्डे मी निवडले. विकणारी म्हणाली, "काका, लग्न जुळवताय का?" घरी येऊन वेणी घालायला बसलो. तीन पदर हातात घेतल्यावर कळलं, मधला कुठून जातो हेच मला माहीत नाही. नीताला दाखव म्हणालो, तर ती म्हणाली, "खोट्या वेणीला मी हात लावणार नाही." शेवटी कशीबशी जमवली. खरे सहा गड्डे मुद्दाम वरच्या टोकाला गुंफले, कारण अंगठा तिथून सुरू होईल. रविवारी फोन आला.

"किती?"

"चोवीस, तात्या." या वेळी मात्र खोटं बोलल्याचं मला नीट कळलं. कानाची पाळी गरम झाली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या आले. बॅग वर ठेवली नसेल, तोच कठडा धरत आमच्याकडे उतरले. डोळ्यांवर काळा चष्मा. त्या चष्म्याने मला जरा धीर आला. पाणीही न घेता खुर्चीत बसले आणि हात पुढे केला. मी वेणी दिली. त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली, उलटी फिरवली आणि शेपटाकडून सुरुवात केली.

नेहमी शेपटाकडूनच करायचे. इतकी वर्षं शेजारी बसून बघितलं होतं मी.

पहिला गड्डा. दुसरा. तिसरा. नीता स्वयंपाकघराच्या दारात उभी. चौथ्यावर अंगठा थोडा थांबला, पुढे गेला. सहाव्यानंतर त्यांनी गड्डे सोडून दिले आणि पातीचे पदर चाचपायला लागले, आंधळ्याने तोंडावरून हात फिरवावा तसे.

"ही वेणी कोणी घातली?"

मी सगळं सांगून टाकलं. झड, पिशवी, रबर, खण, बाजार. सांगताना ते जितकं मूर्खपणाचं वाटलं, तितकं करताना वाटलं नव्हतं. वेणीच्या वरच्या टोकावरून अंगठा फिरवत तात्यांनी विचारलं, "कुजले किती?"

"आठ."

"हे वरचे सहा आपले. कळलं मला. मग दहा खंय?" रागात किंवा मायेत आले की ते मालवणीत शिरायचे. हा राग की माया, ते मला कळेना.

"त्यांना कोंब आले होते, तात्या. मुळंही फुटली होती. वायाच गेले होते, म्हणून टाकले."

"फेकलंस?"

"ओल्या कचऱ्यात."

तात्यांनी काळा चष्मा काढला. नवे डोळे पाण्याने भरले होते. ऑपरेशनमुळे असेल, असं मी स्वतःला समजावलं. "जिते होते रे ते," ते हळू म्हणाले. "कोंब इलो म्हणजे मेलो नाय. 'माका लाव' म्हणता तो."

त्यांनी वेणी गुंडाळून माझ्या हातात परत दिली. सहा गड्ड्यांवर शेती चालत नाही, एक वाईट पाऊस आला की संपलं, हे ते बोलले नाहीत. मला तेवढं कळत होतं. त्यांनी ओरडायला हवं होतं. ते नुसते उठायच्या बेतात होते.

तेवढ्यात बाल्कनीतून काहीतरी फरफटत आणल्याचा आवाज आला. नीता धुण्याचा फुटका टब ओढत आणत होती. टब मातीने भरलेला, आणि मातीतून दाटीवाटीने हिरवी पात वर आलेली, बोट-बोट उंच. वॉशिंग मशीनच्या मागे होता तो. आमच्या घरात वॉशिंग मशीनच्या मागे ठेवलेली वस्तू माझ्या नजरेस पडत नाही.

"त्याच दिवशी डब्यातून काढून लावले," ती म्हणाली. "हिरवं दिसत होतं, टाकवेना. जगतील की नाही माहीत नव्हतं, म्हणून बोलले नाही. आमच्याकडे कधी कुणी लसूण लावली नाही, तात्या. चुकलं असेल तर सांगा."

तात्या टबाशेजारी खाली बसले. एवढा मोठा माणूस खाली बसायला वेळ लागला. पातीवरून त्यांनी हात फिरवला आणि मातीत अंगठा खुपसला.

"पानी जास्त झाला गो, चेडवा," शेवटी म्हणाले. चेडू म्हणजे लेक. आणि मग, माझ्याकडे न बघता, "चहा टाक."

त्या थंडीत मी रोज सकाळी गच्चीवर होतो. खोके भरले, रोपं हलवली, सहा गड्ड्यांच्या पाकळ्या मोकळ्या करून लावल्या. तात्या खुर्चीवरून हुकूम सोडायचे. मार्चमध्ये उपटणी झाली, आणि सावलीत सुकल्यावर त्यांनी पात माझ्या हातात दिली. "घाल."

मी ओढून घट्ट करायला लागलो, तर हातावर चापट. "शाळेला जायची घाई तिला असते, तुला नाही. पोरीचे केस आहेत असं समज. ओढलंस तर रडेल, सैल सोडलंस तर मधल्या सुट्टीत सुटेल." तीन वेण्या झाल्या. पहिली अशी होती की तात्यांनी तिचा फोटो काढून सुलूला पाठवला आणि सुलूचं हसणं मला स्पीकरवर ऐकवलं.

एप्रिलमध्ये सुलू त्यांना कायमची नाशिकला घेऊन गेली. चार मजले आता त्यांना झेपत नव्हते. जाताना सगळ्यात लहान वेणी कापडी पिशवीत घालून त्यांनी गाडीत मांडीवर घेतली. बस नव्हती, सुलूची गाडी होती, चेंगरायची भीती नव्हती. मोठ्या दोन माझ्याकडे. मोजून दिल्या नाहीत. खिडकीची काच खाली करून एवढंच म्हणाले, "वारा दे."

रविवारचे फोन श्रावणापर्यंत आले. मग एका रविवारी नऊ वाजता सुलूचा आला. तात्या आदल्या दुपारी गेले होते. बोलता बोलता ती म्हणाली, त्यांच्या पलंगाजवळच्या खिडकीतली वेणी तिने उतरवून पाहिली, एकही गड्डा खराब नाही. आता दिवाळीनंतर कुंडीत लावते, कशी लावायची ते सांग. हे ती मला विचारत होती. मी तिला सांगितलं. पाणी कमी, हेही सांगितलं. फोन ठेवला आणि स्टुलावर चढून आमची एक वेणी उतरवली, कारण रविवार होता. शेपटाकडून सुरुवात केली. तिसरा गड्डा अंगठ्याखाली हलका लागला. कापून बघितला, आतून पोकळ होता. डोळ्यांना नुसती साल दिसली असती.

नीता समोर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. इतके दिवस मनात असलेलं मी तेव्हा विचारून घेतलं. म्हटलं, "ते दहा गड्डे जगलेत, हे तुला आठवड्यात कळलं असणार. मी त्या खोट्या वेणीपायी रोज मरत होतो, तुला दिसत होतं. मला का नाही सांगितलंस?"

तिने हातातली शेंग सोलून पूर्ण केली.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तू ते पण नेऊन फ्रीजमध्ये ठेवले असतेस."